कानकोरणं

दर निवडणुकीला बाणकोटच्या ठाण्यात बंदुका जमा होतात.
डुकरांवर, वानरांवर रोखायच्या, ठासणीच्या.
नळीला खोबरेल, दस्त्याला चिकटपट्टी,
गळ्यात दोऱ्यानं बांधलेला मालकाचा नंबर.
मी पावत्या फाडतो.

सगळे गेले की, जेवणाच्या सुट्टीत,
दिलावर हमदुले येतात.
बत्तीस वर्षं आगबोटीच्या इंजिनाला तेल घातलेला माणूस,
अजूनही नखं काळी.
काखेत बिस्किटांचा डबा, डब्यात मलमल, मलमलीत ते.
गरज नाही हो याची, मी दोनदा सांगितलं.
असलं जुनं कुणी मागत नाही.
"तरी घ्या जमा करून," ते म्हणाले,
"पिस्तूल आहे. त्यालाही मान असतो."

नखशिखांत लोखंड. लाकूड औषधालाही नाही.
मूठ खाली उतरता उतरता दुभंगते
आणि मेंढ्याच्या शिंगांसारखी दोन्हीकडून आत वळते.
चापाला कडं नाही, नुसता एक मणी,
कच्च्या करवंदाएवढा.
कुशीला लांबट आकडा.
"तिकडचे डोंगरी लोक पट्ट्याला अडकवायचे,
आपण आकडीला कोयता लावतो तसं."

ग्लासगोला बोट दुरुस्तीला लागली होती,
तेव्हा बस पकडून ते डूनला जाऊन आले,
ही पिस्तुलं जिथं घडायची त्या गावाला.
पाऊस होता. दुकानं बंद होती.
एका पुलावर उभे राहून परत आले.
पिस्तूल मिळालं ते पुढे अकरा वर्षांनी, महाडच्या भंगारात,
नांगराच्या साखळीखाली, किलोच्या भावानं.

नळीवर चांदीच्या तारेची वेल ठोकलेली.
भिंग माझ्या हातात देऊन ते म्हणतात,
"इथं बघा, इथं कारागिराचा हात घसरलाय.
मला हीच जागा सगळ्यात आवडते."

दोन शिंगांच्या मधोमध एक भोक, आत आटे.
तिथं एक सुई असायची, डोक्याला मणी असलेली.
फिरवून काढायची
आणि बंदुकीच्या कानात साचलेली रंजकेची राख उकरायची.
"म्हणजे कानकोरणंच की," मी म्हणालो.
ते हसता हसता खोकायला लागले.
रजिस्टरात मी लिहिलं:
पिस्तूल, शिंगं असलेलं. नग एक. कानकोरणं नाही.

मग परवाच्या पौषात, वेळासला, सासुरवाडीला,
अवसेच्या भरलेल्या कुर्ल्या होत्या.
सासूबाई नांगी फोडत
आणि काळ्या सुईनं आतलं मांस अख्खं ओढून काढत.
सुईला मणी. मण्याखाली आटे.
माझा घास हातातच राहिला.
"ही? माळ्यावर होती," त्या म्हणाल्या,
"मी या घरात आले तेव्हापासून कुर्लीचीच."

हमदुल्यांनी आधी हात धुतले, मनगटापर्यंत.
सुई भोकात धरली. फिरवली.
एक आटा. दीड. अडली.
काढली, तेलाचा थेंब सोडला, पुन्हा.
दीड.

माझाच चेहरा पडला.
ते मात्र खुर्ची सारून उभे.
"अहो, ही जोडीनं करायचे!
आटे हातानं पाडलेले, एकाचं दुसऱ्याला बसत नाही.
म्हणजे भाऊ आहे याचा. इथंच आहे.
कुणाच्या विहिरीत असेल,
कुणी दाराला टेकण लावलं असेल."
आणि खिडकीतून खाडीकडे असे बघत राहिले
की बागमांडल्याहून येणाऱ्या फेरीबोटीतून
आता तो उतरेलच.

सुई त्यांनी ठेवून घेतली नाही.
"परत करा. कामात असलेलं लोखंड गंजत नाही."

या खेपेला शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं:
नग एक. दुसरा येणे बाकी.
साहेबांनी बोट ठेवून विचारलं, हे काय आहे?
मी डबा उघडला.
ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग करंगळीचं टोक
हळूच त्या मण्याला लावून पाहिलं.